एका फेरीत दोन चिठ्ठ्या

११ फेब्रुवारी १९६३, पुसद

बापूंनी लग्नात दिलेली ही वही दोन वर्षं पेटीत कोरी पडली होती. "ज्या दिवशी उत्तर जुळणार नाही, त्या दिवशी लिहायला घे," असं ते म्हणाले होते. आज अजून काही चुकलेलं नाही. पण एक मोठं गणित अंगावर घेतलं आहे, म्हणून आधीच उघडली.

कारखाना आमच्या अंगणातून दिसतो. तिथे एरंडीच्या तेलात तेजाब, म्हणजे गंधकाचं आम्ल, हळूहळू सोडतात, सारखं ढवळत राहतात, आणि कापड रंगवताना लागणारं तेल तयार करतात. तेजाब पडलं की तेल आपोआप तापतं. पस्तीस अंशांच्या वर गेलं तर काळं पडतं, फेसाळून काठावरून बाहेर येतं, आणि त्या फेसात तेजाब असतं. आजवर भांडं लहान होतं आणि काम थंडीतच व्हायचं. आता शेठजींनी चौपट मोठं भांडं मागवलं आहे आणि गिरण्यांना माल एप्रिलमध्ये हवा आहे. इथला एप्रिल!

भांड्याभोवती दुसरं लोखंडी कवच असतं, त्याला इथे सगळे जाकीट म्हणतात. जाकिटातून हौदाचं पाणी फिरतं, तेलाची उष्णता घेतं आणि परत हौदात जातं. पण भांडं चौपट झालं तरी त्याची कातडी चौपट होत नाही. मग तेजाब किती वेळात सोडायचं? नागपूरचे इंजिनियर येऊन समीकरणं लिहून देऊन गेले. ती एकदम सुटत नाहीत, अर्ध्या अर्ध्या तासाची पावलं टाकत पुढे जावं लागतं. एकट्या माणसाला किचकट जाईल असं काम आहे.

म्हणून भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या थोरल्या भावांनी, काल सासूबाईंना विचारलं, "याडी, लाली गणित करते म्हणे. तेलाची बाजू ती करील काय? पाण्याची मी करतो."

ते बी.एस्सी. आहेत, कारखान्यातलं सगळं रसायन त्यांच्याकडे असतं. नाव अमरसिंग. तोंडानं कधी घेतलेलं नाही. कागदावर चालत असावं.

मी शाळेत फक्त चौथीपर्यंत. पुढचं सगळं बापूंनी तांड्यावर घरीच शिकवलं, लॉगच्या पुस्तिकेसकट. त्यांच्या शिकवण्यात एक खोड होती. उत्तर बरोबर आलं तरी ते शाबासकी देत नसत. "आता उलटीकडून कर," म्हणत. ती खोड मला लागली आहे, आणि तिचा त्रासही होतो.

हो म्हटलं. नंतर आठवलं की कॉकपाशी, म्हणजे तेजाबाच्या तोटीपाशी, उभं राहून तेजाब सोडणार आहेत ते हे.

१४ फेब्रुवारी

कामाची पद्धत ठरली. नवं भांडं सुरू होईपर्यंत कारखाना अर्धा दिवस चालतो, त्यामुळे दुपारी भासरे घरी असतात. ते ओसरीवर, मी आतल्या खोलीत. जाऊबाई बाळंतपणाला घाटंजीला गेल्या आहेत, म्हणून मध्ये उंबऱ्यावर सासूबाई तूर निवडत बसतात.

आमच्यात सून भासऱ्यांपुढे घुंगटाशिवाय येत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. बापूंच्या घरी मी मोठमोठ्यानं वाद घालायची, इथे दोन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नसेल. म्हणून चिठ्ठ्या. तेलातून किती उष्णता बाहेर पडली ते मी लिहिते. हौदाचं पाणी किती तापलं ते ते लिहितात. मला त्यांचा आकडा लागतो आणि त्यांना माझा.

सुरुवातीला सासूबाई माझी चिठ्ठी घेऊन जायच्या, त्यांचं उत्तर घेऊन यायच्या, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एका फेरीत दोन्ही चिठ्ठ्या होऊ द्या की रे! मी काय पोस्टातली हाये?"

भासरे ओसरीवरून म्हणाले, "बरं याडी."

तेव्हापासून दोघंही एकाच वेळी पाऊल टाकतो, मागच्या चिठ्ठीतल्या आकड्यावर. सासूबाई एकदाच उठतात, माझी देतात, त्यांची घेतात. काम भराभर होतं आहे.

२० फेब्रुवारी

झालं! चार तासांत तेजाब सोडलं तर तेल जास्तीत जास्त साडेबत्तीस अंशांवर जाईल.

भासरे सासूबाईंना म्हणाले, "सुनेचा हात साफ आहे म्हणा याडी. एक खाडाखोड नाही."

सासूबाईंनी मला गुळाचा खडा दिला. त्या मला अजून नवलेरी म्हणतात, म्हणजे नवी नवरी. "नवलेरी शिकेल हाये, पण तोंडानं नाही कळत," असं शेजारणीला सांगत होत्या. ते कौतुकच होतं बहुतेक.

हे घरी आल्यावर आकडा सांगितला. "साडेबत्तीस? मंग अडीच अंश हातात हायेत," म्हणाले आणि कितीतरी वेळ हात धूत बसले.

मला बरं वाटायला हवं.

२२ फेब्रुवारी

उलटीकडून करायला गेले.

हे गणित उलट करता येत नाही, म्हणून वाटलं पावलं लहान करून बघू. अर्ध्या तासाऐवजी पाव तासाची. उत्तर खरं असेल तर पाऊल केवढंही टाका, मुक्काम तोच यायला हवा. त्यासाठी पाण्याची बाजूही मलाच करावी लागली. ती माझी नव्हे. हौद केवढा, पंप किती पाणी ओढतो, हे मी यांना जेवताना सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं.

चौतीस पूर्णांक सहा आलं.

साडेबत्तीस नाही.

२३ फेब्रुवारी

पुन्हा केलं. चौतीस पूर्णांक सहाच.

पाऊल निम्मं केलं तर आकडा दोन अंशांनी वर सरकला. आणखी निम्मं केलं तर आणखी सरकेल, थोडा कमी. कुठे थांबेल? ओळ पुढे ओढली तर साधारण साडेछत्तीसच्या पुढे.

चूक कुठे आहे ते आज कपडे धुताना दिसलं. प्रत्येक पावलाला मी पाणी मागच्या चिठ्ठीइतकंच थंड धरते, आणि ते उष्णता मागच्या चिठ्ठीइतकीच कमी धरतात. तोवर दोन्ही वाढलेलं असतं. दोघंही दर पावलाला थोडं थोडं सुखाचं धरून चालतो, आणि ते सगळं एकाच बाजूला साठत जातं.

किंवा माझं पाण्याचं गणित चुकलं असेल. ती बाजू मला शिकवलेली नाही. हौदातलं पाणी उघड्यावर किती निवतं ते भासऱ्यांनी कसं धरलं आहे, मला कुठे ठाऊक?

२७ फेब्रुवारी

यांना सांगितलं.

हे जेवता जेवता थांबले. "म्हंजे दादाचं चुकलं म्हनतं तू?"

"दोघांचं चुकलं. एकमेकांना मधेच पुन्हा विचारायला पाहिजे होतं. मी आकडा दिला की त्यांनी पाणी सांगावं, त्या पाण्यावर मी आकडा बदलावा, त्यांनी पुन्हा पाणी बदलावं. दोन्ही हलायचं थांबेपर्यंत. मग पुढचं पाऊल."

"मंग सांग ना."

"मी? तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? मले त्यातलं काय समजते? दादा विचारन काहून, तर मी म्हनीन का घरातून सांगून राह्यले? तो म्हनन, सून माह्या चुका काढते, अन् नवऱ्याच्या हातून धाडते." मग ताटातली भाकरी उगाच मोडत म्हणाले, "साडेछत्तीसले काय होते, नेमकं?"

"तुम्हालाच माहीत. तुम्ही लहान भांड्यावर होता."

"एकदा झालतं. अय्यूब मिस्त्रीच्या पायावर आलतं. जोड्याचं कातडं गेलं." नंतर हसून म्हणाले, "बरं झालं, जोडा त्याचा नव्हताच."

आणि पुन्हा हात धुवायला उठले. हल्ली फार हात धुतात. हात उजेडात धरून उलटेपालटे करून बघतात. तेजाबाचा वास जात नसेल.

३ मार्च

शेठजींनी नवं काढलं आहे. चार तास कशाला, साडेतीन तासांत होईल का ते बघा. त्यामुळे चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या.

आज धाडस केलं. माझ्या आकड्यापुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. शब्द लिहायची हिंमत झाली नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांनी ते निमूट नेलं. मग भासरे खाकरले. मग पुढची चिठ्ठी आली, नुसता आकडा.



५ मार्च

परवाच्या प्रश्नचिन्हावर अजूनही काही नाही. फक्त त्यांच्या चिठ्ठ्या आता पेन्सिलीनं येतात. आधी निळी शाई असायची, छापल्यासारखं अक्षर. माझ्यासाठी शाई खर्च करावीशी वाटत नसेल. राग आला असणार. आजची पेन्सिल तर इतकी फिकी की आकडा उजेडात धरून वाचावा लागला.

ओसरीवर आता ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतात. चिठ्ठी दिल्यावर उठून जात नाहीत. मला आत बसवत नाही.

१२ मार्च

होळी झाली. लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणणाऱ्या बायकांत सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता, तेव्हा गुडघे कुठे गेले होते कोण जाणे.

नवं भांडं आलं. अय्यूब मिस्त्री संध्याकाळी यांच्याबरोबर घरी आले होते. ते कारखान्याची यंत्रं बघतात, अंगणात खाटेवर बसून मोठ्यानं बोलतात, म्हणजे आतही ऐकू यावं.

"भाभी, चाय में शक्कर जरा जास्त, आज हाथी उतरवला आम्ही! भांडं नोहे ते, हाथी हाये. ट्रक दरवाज्यातून वळेना. शेठजी म्हने तोड ती लिंबाची फांदी. हौदावरची, ती मोठी. मी म्हटलं शेठ, मी दुपारी त्याच्या सावलीत डबा खातो. तं मले म्हने, तुले पगार मी देतो का फांदी देते?"

हे हसले नाहीत. "अय्यूबभाई, कॉकपाशी एक पिंपभर साधं पानी ठेवजा. माह्या हाताजवळ."

"एक कायले? दोन ठेवतो. एक तुले, एक माह्या जोड्याले."

मग ते खूप हसले, हेही थोडे हसले. चाचणी सहा एप्रिलला आहे असं अय्यूब म्हणाले.

सहा एप्रिल. मी चहात साखर घालायलाच विसरले होते, हे नंतर कळलं. बिचाऱ्यांनी तसाच प्याला.

१६ मार्च

साडेतीन तासांचं उत्तर जवळ आलं आहे. जुन्या पद्धतीनं ते चौतीसच्या आतच येणार. भासरे ते शेठजींना देणार. मग कागदावर सगळ्यांची सही होईल आणि हे कॉक उघडतील.

बापू इथे असते तर? त्यांनाही मी पत्रात हे लिहू शकत नाही. सासरच्या माणसाची चूक माहेरी कळवली असं होईल.

ती चूक त्यांची एकट्याची नाहीच. पण हे कोणाला पटवू?

१८ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नंतर मला वाटेल की मीच रचलं.

दुपारी चिठ्ठी द्यायची वेळ आली आणि मला आकडा लिहवेना. सासूबाईंनी हात पुढे केला होता. मी कागद धरून तशीच बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना.

"काय झालं व? कागदानं कापलं काय?"

मी मान हलवली.

"मंग? यानं काही लिवलं काय वंगाळ?" आणि ओसरीकडे वळून, "काहून रे अमर, काय लिवलं तू?"

ओसरीवरून घाबरलेला आवाज आला. "काही नाही याडी! आकडाच लिहिला."

मग मी हळूच, त्यांच्याच कानाशी, सगळं सांगितलं. पावलं, पाणी, उष्णता. त्यांना काय कळलं माहीत नाही. शेवटी म्हटलं, "मी त्यांना मधेच विचारू शकत नाही, ते मला विचारत नाहीत, आणि सहा तारखेला कॉकपाशी हे उभे राहणार."

एवढं मात्र त्यांना कळलं. तुरीचं सूप बाजूला ठेवलं.

"माह्या आज्यापाशी लादणीचे बैल होते," त्या म्हणाल्या, मला की ओसरीला ते समजलं नाही. "गोणी लादाची तं दोघं दोन आंगानं उभे राह्यत. हा तिकून ओते, तो इकून ओते. अन् बैलाच्या पाठीवरून सारखे बोलत. तुह्याकडं किती झालं? माह्याकडं एवढं. थांब, आता मी टाकतो. मुक्यानं लादली तं बैल कलंडे. तुमी दोघं मुक्यानं लादून राह्यले व? अन् बैल कोन, माहा उत्तम?"

मी म्हटलं, "तुमचे गुडघे दुखतात म्हणून..."

"आग लागो गुडघ्याले!"

उठल्या, वळकटीतली गोधडी काढली, दाराच्या खुंट्यांना दोन टोकांनी बांधली. ओसरी दिसेनाशी झाली.

"झाला पडदा. आता लाज कायची? बोला. मले सांगा, पन मोठ्यानं सांगा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग गोधडीपलीकडून, "याडी, तिले म्हण, पहिल्या पावलाले पाणी साडेसत्तावीस."

मी म्हटलं, "याडी, त्यांना म्हणावं, इतक्या पाण्यावर बाहेर पडणारी उष्णता बदलते. मी सांगते तेवढी धरून पाणी पुन्हा काढावं."

माझा आवाज किती बारीक आला. पण पलीकडे पेन्सिल चालायला लागली.

१९ मार्च

पहिल्या पावलाला तीनदा फेऱ्या झाल्या तेव्हा दोन्ही आकडे हलायचे थांबले. दुसऱ्याला चारदा. आता सासूबाईंना उठावं लागत नाही.

दुपार कलेपर्यंत निम्मं झालं. मधे मी गोधडीच्या कडेनं पाहिलं तर सासूबाई चौकटीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या. केव्हापासून कोण जाणे. आणि आम्ही दोघं प्रत्येक वाक्याआधी ‘याडी’ म्हणतच होतो.

एकदा भासरे म्हणाले, "याडी, तिले सांग, मी पेन्सिलीनं लिहिलं होतं."

हे त्यांनी मधेच का काढलं कळलं नाही. मी "जी" म्हटलं. त्यांनी पुढचा आकडा सांगितला.

२१ मार्च

चार तासांचं खरं उत्तर छत्तीस पूर्णांक आठ. साडेतीन तासांचं मी इथे लिहीतही नाही.

माझी पुढे ओढलेली ओळ जवळजवळ बरोबर निघाली. आनंद झाला नाही. महिनाभर हा आकडा माझ्याजवळ होता.

भासरे लगेच शर्ट घालून कारखान्यात गेले.

२२ मार्च

यांच्याकडून कळलं ते असं. शेठजी म्हणाले, "मागच्या महिन्यात साडेबत्तीस, आता छत्तीस. उद्या काय, पन्नास? तुमच्या घरच्या बाईमानसाच्या पाट्या-पेन्सिलीवर मी गिरण्यांना तारखा देऊ?"

भासरे म्हणाले, "मागचं मी सही करून दिलं होतं. ते चूक होतं. हे दोघांनी केलं आहे."

"अन् मी नाही म्हटलं तर?"

"तर कॉकपाशी मी उभा राहतो. उत्तम नाही."

एवढं सांगून हे उठले, पुन्हा बसले. "दादानं असं म्हनाले नोको होतं," म्हणाले. थोड्या वेळानं, "दादाले कॉक फिरवता येत नाही. डावा का उजवा, दर खेपेले विचारते."

शेवटी शेठजी सहा तासांना कबूल झाले, आणि पहाटे सुरू करायला. जाकिटातलं पाणी परत हौदात न आणता वाहू द्यावं, हे मात्र त्यांनी ऐकलं नाही. विहीर एप्रिलमध्ये तेवढी देत नाही, आणि ते खरंच आहे.

गोधडी पुन्हा बांधली. सहा तास, पहाटेची सुरुवात, तेच फिरतं पाणी.

२६ मार्च

चौतीस पूर्णांक चार. पस्तीसच्या आत, पण नखाएवढं.

आता हाच आकडा मला खातो आहे. पाऊल लहान केलं, हलला नाही. माझ्या बाजूनं आणि त्यांच्या बाजूनं आता जुळतं. तरी आम्ही जे धरलं तेच जुळतं. जे धरलंच नाही त्याचं काय? तसं काय असू शकेल, विचार करकरून डोकं दुखतं आणि काही सापडत नाही. मी तो हौद पाहिलेलाही नाही.

म्हणून यांच्यासाठी एका पुठ्ठ्यावर तक्ता केला. कोणत्या वेळी थर्मामीटर किती दाखवायला हवा ते मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलं, ‘एक अंश जास्त दिसला तर कॉक बंद.’

"कोनाले विचारून?" यांनी विचारलं.

"कोणालाही न विचारता."

"शेठ समोर असला तरी?"

"हो."

पुठ्ठा घेऊन बराच वेळ बघत बसले. "पस्तीसले तं अजून दूर असन तेव्हा. तरी बंद?"

"पस्तीसची वाट बघू नका. कागदापेक्षा पुढे गेलं याचा अर्थ आम्हाला काहीतरी कळलेलं नाही."

४ एप्रिल

मी भासऱ्यांच्या मार्फत शेठजींना आणखी एक दिवस थांबवावं का? कशासाठी, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. भाकरी दोनदा करपली.

६ एप्रिल

हे अंधारातच गेले. मी दिवसभर अंगणातून कारखान्याच्या पत्र्याकडे बघत होते. सासूबाईही. त्या मधून मधून म्हणत, "धूर नाही ना?" मी म्हणत असे, "नाही."

उन्हं चढली, तिकडून आरडाओरडा ऐकू आला. एकाच माणसाचा आवाज, शब्द कळेनात. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मग आवाज थांबला, आणि ते जास्त भीतीचं होतं.

दुपारनंतर अय्यूब मिस्त्री आले. धावत नव्हते, हे मी आधी पाहिलं.

"सब खैरियत, भाभी. उत्तम सलामत हाये. पानी पाजा आधी, मग सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळभर पुठ्ठा आणि थर्मामीटर बरोबर चालले होते. "मी तं म्हटलं, हा थर्मामीटर भाभीच्या पुठ्ठ्याले पाहून चढून राह्यला." उन्हं चढल्यावर फरक पडू लागला. तेहतीसऐवजी चौतीस झाले, तेव्हा यांनी कॉक बंद केला. शेठजी बाजूलाच होते. "पस्तीस झालं नाही तं बंद कायले केला? उघड!" म्हणून ओरडले. यांनी फक्त पुठ्ठा पुढे धरला. शेठजी स्वतः कॉककडे निघाले तेव्हा भासरे मधे उभे राहिले. म्हणाले, "बंद राहू द्या."

"अन् भाभी, कॉक बंद, तेजाब बंद, तरी काटा चढूनच राह्यला! शेठ पाहे, अमरभाऊ पाहे, मी पाहे. पस्तीसच्या वरतं गेला. जरासाच. थोडा फेस आला काठाले. शेठजी चार पावलं मागं, मी सहा, जोडा संभाळून. मग हळूहळू उतरला. तेव्हा कुठं उत्तमनं श्वास सोडला. कॉक उघडाच असता तं..." इथे त्यांनी पाण्याचा तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

"पण का चढला?" मी विचारलं. परक्या पुरुषाला दारातून विचारलं हे सासूबाईंच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नंतर आलं.

"ऊन, भाभी. हौदावर सारं ऊन. ती फांदी तोडली ना? मीच तोडली. माझा डबाबी उन्हात, शेठचा हौदबी उन्हात."

फांदी. बारा मार्चला मी स्वतः या वहीत लिहिली आहे. चहाची साखर विसरले त्याच पानावर.

हे संध्याकाळी आले. तेल निवल्यावर हौदावर ताडपत्री बांधून उरलेलं तेजाब सोडलं, माल जरा तांबूस झाला आहे पण चालेल म्हणतात. आल्या आल्या हात धुतले नाहीत. खाटेवर बसून म्हणाले, "लाली, भूक लागली." त्यांचे दोन्ही हात मी नीट बघितले. काही झालेलं नव्हतं.

९ एप्रिल

गोधडी परवाच उतरली. जाऊबाई लवकर येणार, बाळाला लागेल म्हणून सासूबाईंनी ती धुऊन वाळत घातली आहे. ओसरी पुन्हा दिसते. मी पुन्हा घुंगट ओढून आतल्या खोलीत.

कारखान्यात पुढच्या घाण्याची तयारी चालू आहे. शेठजींनी लिंबाला नवी फांदी लावता येते का असं अय्यूबना विचारलं म्हणे.

दुपारी सासूबाई उठल्या, ओसरीवर गेल्या, चिठ्ठी घेऊन आल्या. मी तर काहीच पाठवलं नव्हतं. एकच ओळ, पेन्सिलीनं. ‘हौदावरचं ऊन, दर तासाला किती धरायचं?’ पुढे बरोबरीचं चिन्ह आणि नंतर काही नाही. जागा कोरी. घाईत आकडा लिहायचा राहिला असणार. माझ्याकडून मागचं ऊन सुटलं, तेही बोलून दाखवायचं असेल कदाचित.

"थांबू का?" सासूबाई म्हणाल्या. "तो बसला हाये."

मी म्हटलं, थांबा.

हौद केवढा ते माहीत आहे. ऊन किती, ते फक्त अंदाजानं येईल. सहा तारखेचा चढ धरून उलटीकडून काढलं. एक आकडा आला. खात्री अजिबात नाही. दोनदा तपासला, तरी नाही. दौत पुढ्यातच होती. पण शाईनं लिहिलं की तो पक्का वाटायचा, आणि त्यांना बदलावासा वाटला तर कसा बदलतील? म्हणून पेन्सिल शोधली, कोऱ्या जागेत आकडा लिहिला, आणि चिठ्ठी सासूबाईंच्या हातात दिली.